हीटरमधली हळद

डॅशबोर्डावरचा निळा-लाल खटका निळ्या टोकाला इतका घट्ट बसला होता की तो सरकवायला राजश्रीला जुन्या टूथब्रशाचा दांडा लावावा लागला. सहा वर्षं गाडी तिच्याकडे होती आणि सहा वर्षांत तो खटका कोणी हलवला नव्हता. नेरूळमध्ये मोटारीचा हीटर लावायचा तरी कशाला? ऑगस्टमधल्या त्या रविवारी सकाळी तो एकदाचा लाल टोकाला गेला. जाळीतून आधी झुरळाचा एक वाळका पाय उडून तिच्या ओढणीवर पडला, मग न वाळलेल्या पायपुसण्यासारखा वास आला आणि त्यामागोमाग हवा आली. ती कोमट होती.

राजश्रीने पाय चिमटीत धरून बाहेर टाकला, बोटं ओल्या कागदाने दोनदा पुसली आणि पर्समधला थर्मामीटर जाळीत खोचला. बाहेर सत्तावीस अंश होते. इंजिन वीस मिनिटं चालू होतं. जाळीतली हवा तेहेतीस अंशांवर अडकली ती अडकलीच. पन्नासच्या वर जायला हवी होती.

राजश्री गमरे ही रसायनशास्त्रातली एम.एस्सी. शिरवण्यापलीकडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात ती गेली एकोणीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासत होती. तिचा आवाज कधी चढत नसे. बॉयलरवरच्या माणसांनी आळसाने थेट नळाचं, क्षार न काढलेलं पाणी आत सोडलं, तर ती त्यांना काही बोलत नसे. त्या पाण्याची काचनळी त्यांच्यासमोर धरून ती नुसती त्यांच्याकडे बघायची. त्यापेक्षा बाईने दोन शिव्या घातलेल्या परवडल्या, असं ती माणसं आपसात म्हणत.

हीटर तिला हवा होता तो आईसाठी. वेणूबाईंचं मे महिन्यात आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, खारघरच्या इस्पितळात जाऊन शिरेतून औषध घ्यायचं होतं. असे आठ गुरुवार. त्यातले दोन झाले होते. औषध चांगलं होतं, पण त्याची एक विचित्र खोड होती: ते दिलं की पुढचे चार-पाच दिवस माणसाला गार काही सोसत नाही. स्टीलचं भांडं हातात घेतलं तर बोटांत सुया टोचतात, म्हणून घरातल्या पेल्यांना राजश्रीने जुन्या मोज्यांची टोपडी घातली होती. गार हवा घशात गेली तर घसा आवळल्यासारखा वाटतो. श्वास खरं तर अडत नाही, डॉक्टरांनी ते दोघींना नीट समजावलं होतं. पण ज्याचा घसा त्यालाच कळतं.

पहिल्या गुरुवारी त्या भाड्याच्या गाडीने परत आल्या. ड्रायव्हरने एसी बंद केला तर काचांवर वाफ धरली, म्हणून त्याने खिडक्या उघडल्या, आणि पावसाचा ओला वारा वेणूबाईंच्या हातांना लागून त्या घरापर्यंत कण्हत आल्या. दुसऱ्या गुरुवारी राजश्रीने स्वतःची गाडी काढली. बेलापूरच्या पुलावर पाऊस असा काही कोसळला की समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. एका हाताने काच पुसत ती चालवत होती. शेजारून एक ट्रक इतका जवळून गेला की तिने घाबरून एसी लावला, फक्त काच साफ होईपर्यंत. दीड मिनिट. तेवढ्यात वेणूबाईंनी दोन्ही हातांनी गळा धरला, त्यांचे डोळे बाहेर आले, आणि त्या दारावर लाथा मारू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी गरम पाणी घेतलं, पांघरुणात शिरल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता मी न्हाय जायची. मेले तर घरात मरन."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी तो विषय काढू दिला नाही. राजश्रीने वाद घातला नाही. शेवटी शनिवारी तिने एकच गोष्ट विचारली: गाडी आतून उबदार केली, एसी न लावता काच साफ राहिली, तर येशील? आधी करून दाखव, वेणूबाई म्हणाल्या. तिसरा गुरुवार पाच दिवसांवर आला होता.

गाडी मूळची सुगतची, तिच्या थोरल्या भावाची. तो बेलापूरला सरकारी कचेरीत होता. नवी गाडी घेतली तेव्हा त्याने ही जुनी बहिणीला दिली होती, आणि दिल्याची आठवणही तो अधूनमधून देत असे. राजश्रीने त्याला फोन लावून हीटरचं विचारलं. त्याला आधी ती चेष्टा करते आहे असंच वाटलं. मग त्याने उपाय सांगितले: आईला शाल दे, कानटोपी घाल, खिडकी दोन बोटं उघडी ठेव. गाडीला नावं ठेवलेली मात्र त्याला आवडली नाहीत.

"गाडी एकदम टकाटक आहे. टेंपरेचरचा काटा बघ जरा तिचा, कधी वर जात नाही. मे महिन्यातल्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये, कधीच नाही. अशी गाडी दाखव मला दुसरी."

फोन ठेवल्यावर राजश्रीने काटा बघितला. सहा वर्षं ती तो रोज बघत होती. थंडीचं इंग्रजी अक्षर जिथे लिहिलेलं असतं, त्याच्या जरासाच वर काटा पडून होता. इंजिन अर्धा तास चालू असूनही. तिला एकदम चमकल्यासारखं झालं. जे इंजिन तापतच नाही ते हीटरला ऊब देणार कुठून? गाडीच्या हीटरला स्वतःची अशी काही उष्णता नसते. इंजिनातून फिरणारं गरम पाणी डॅशबोर्डामागच्या एका छोट्या जाळीदार पेटीतून जातं आणि पंखा त्यावरून हवा फुंकतो, एवढंच. ज्या गोष्टीचा भाऊ अभिमान धरून बसला होता तीच बिघाडाची खूण होती, आणि ती सहा वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती.

इंजिन निवल्यावर तिने बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढलं. आतलं पाणी गंजाने लालसर तपकिरी झालं होतं, वर तेलकट साय होती. तिने रबरी नळीने थोडं काचेच्या बाटलीत ओढून उजेडात धरलं. तळाशी बोटभर गाळ बसला. गटाराजवळच्या मातीला येतो तसा वास होता. तिने बाटली तोंडापासून लांब धरली, आणि मग तिला आठवलं, हे पाणी तिनेच घातलं होतं. दर रविवारी, गाडी पुसून झाली की, प्लॅस्टिकच्या बाटलीने, नळाचं. पाणी कमी होतं, भरत जा, असं गॅरेजवाल्याने कधीतरी सांगितलं होतं आणि ती भरत गेली होती. पाणी दर आठवड्याला जातं कुठे, हा प्रश्न तिने विचारला नव्हता. कारखान्यात एखाद्या पोऱ्याने हे केलं असतं तर तिने त्याच्यासमोर काचनळी धरली असती.

सोमवारी तिने सुट्टी टाकली आणि गाडी शिरवण्याला दिलीपकडे नेली. दिलीप हा गावातलाच माणूस, पन्नाशीचा, एकट्याने गॅरेज चालवणारा. सुगतची गाडी नवी असल्यापासून तोच बघत होता. राजश्रीने त्याला काटा दाखवला, बाटली दाखवली आणि थर्मोस्टॅट बघायला सांगितलं. हा थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक बोटभर झाकण. इंजिन पुरेसं तापेपर्यंत ते बंद राहतं आणि पाण्याला रेडिएटरकडे निवायला जाऊ देत नाही.

दिलीपने बॉनेट उघडायची तसदीही घेतली नाही.

"वॉल ना? तो नाय तिच्यात. मीच काडलाय."

कधी, असं तिने विचारलं. आठ-नऊ वर्षं झाली, तो म्हणाला. गावाला जाताना गाडी एकदा गरम झाली होती आणि सुगतदादाने सांगितलं होतं, परत गरम झाली नाय पायजे. मग वॉल काढला की प्रश्न मिटला. पाणी सारखं फिरत राहतं, गाडी थंडच्या थंड. त्यात चुकीचं काही होतं असं त्याच्या आवाजात कुठेच नव्हतं. उलट त्याने मागच्या फळीवरून रंगाचा एक रिकामा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. डबा थर्मोस्टॅटनी गळ्यापर्यंत भरला होता. गंजलेले, शेवाळलेले, काही अजून चकचकीत.

"इकडं कोनाच्याच गाडीत नाय, ताई. पार उरणपातूर. हीटर कोनाला पायजे आपल्याकडं? आनि गाडी गरम झाली का पब्लिक मलाच शिव्या घालतं."

राजश्री त्या डब्याकडे बघत राहिली. साठ-सत्तर तरी असतील. तितक्या गाड्या या रस्त्यांवरून अर्धवट तापलेल्या इंजिनांनी, जास्त पेट्रोल जाळत, आतून गंजत फिरत होत्या आणि त्यांचे मालक काटा वर जात नाही म्हणून खूश होते. तिला दिलीपचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग निवळतो. हा होता तिटकारा, आणि तो कोणा एकावर टाकताही येत नव्हता. बिघाड शोधायचा नाही. बिघाड दाखवणारी वस्तूच उपटून डब्यात टाकायची. आणि वर त्याला अक्कल म्हणायचं.

तिने नवा थर्मोस्टॅट घालायला सांगितलं. दिलीपने मान हलवली.

"घालतू. पन उद्या हायवेवर गरम झाली तं माज्या नावानं खडे नका फोडू."

गरम झाली तर का झाली ते आपण शोधू, राजश्री म्हणाली, आणि त्याच्याकडे तिच्या त्या नजरेने बघितलं. दिलीप पान्हा शोधायच्या निमित्ताने आत गेला.

पाणी जातं कुठे तेही दहा मिनिटांत सापडलं. रेडिएटरला येणाऱ्या वरच्या रबरी पाइपाला, तो आवळणाऱ्या पट्टीखाली, एक बारीक चीर होती. गाडी तापली की तिच्यातून पाणी झिरपायचं आणि इंजिनावरच वाळून जायचं. त्याचा पांढरा ओघळ स्पष्ट दिसत होता. कोणीही पट्टी ढिली करून बघितलं असतं तर दिसलं असतं. पाइप बदलला, थर्मोस्टॅट बसवला, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. बारा मिनिटांत काटा निम्म्यावर आला आणि तिथे थांबला. दिलीप दोन वेळा धावत येऊन बघून गेला.

हवा मात्र छत्तीस अंशांच्या पुढे जाईना.

राजश्रीने बॉनेटखाली हात घातला. हीटरकडे जाणारे दोन पाइप इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीत शिरतात. एकातून गरम पाणी आत जातं, दुसऱ्यातून परत येतं. पहिल्याला हात लावला तर भाजलं. दुसरा जेमतेम कोमट. म्हणजे पाणी आत जातच नव्हतं. जाळीदार पेटी आतून बुजली होती. दिलीपनेही दोन्ही पाइप चाचपले आणि पहिल्यांदा गंभीर झाला. पेटी बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीची पेटी बाजारात मिळायला आठवडा जाईल, असं त्याने सांगितलं. गुरुवारला तीन दिवस होते.

"मग धुऊ," राजश्री म्हणाली.

तिने समोरच्या वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं. दिलीपच्या चहाच्या स्टोव्हवर पाणी गरम करून त्यात मोजून विरघळवलं. दोन्ही पाइप सोडून, परतीच्या तोंडातून ते आंबट पाणी पेटीत भरलं आणि चाळीस मिनिटं तसंच ठेवलं. मग बागेची नळी त्याच तोंडाला लावून पाणी उलट्या दिशेने सोडलं. आधी काळपट पाणी आलं. मग लाल. मग यायचंच थांबलं, नळी फुगली, दिलीपने ती दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि एकदम उचकी लागावी तशी पेटीने एक लिबलिबीत गोळा बादलीत टाकला. मागोमाग दुसरा. मग बारीक चोथा, बुळबुळीत, तपकिरी, पावसात भिजून सडलेल्या पेंढ्यासारखा. वास इतका वाईट होता की दिलीपने खांद्यावरच्या फडक्याने नाक झाकलं.

"ह्यो शेन हाय का काय?"

राजश्रीने पाठकोऱ्या कागदावर एक गोळा घेतला आणि काडीने फोडला. बाहेरून तपकिरी, आतून पिवळा. तिने क्षणभर तो नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला. गंजाच्या आणि कुबट पाण्याच्या खालून एक ओळखीचा वास येत होता, आणि तो तिथे असणं हेच जास्त ओंगळ वाटत होतं. दिलीपकडे हात धुवायचा सोडा होता. तिने चिमूटभर सोडा ओला करून त्या पिवळ्यावर टाकला. पिवळा रंग बघता बघता लाल झाला, रक्तासारखा.

"हळद आहे," ती म्हणाली.

दिलीपने हात वर केले. आपण नाही टाकली, देवाशपथ. हायवेवरचे ड्रायव्हर टाकतात, रेडिएटर गळायला लागला की. हळद फुगते आणि भोक बुजतं, असं म्हणतात. पण गळती पाइपाच्या चिरेतून होती आणि ती चीर हळदीने बुजणं शक्यच नव्हतं. हळद बिचारी पाण्याबरोबर फिरत फिरत सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसली होती. हीटरच्या पेटीत.

राजश्रीने तिथूनच सुगतला फोन केला. सुगत खो खो हसला. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला आईला घेऊन तो गावी गेला होता, नवी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून ही नेली होती, आणि कोलाडच्या पुढे, काटा खालीच असूनही, बॉनेटमधून वाफ निघाली. तिथल्या टपरीवाल्याने सांगितलं हळद टाका. आईच्या पिशवीत होतीच.

"आयडिया कामाला आली ना? गावाला पोचलो, परत आलो. ऑफिसात अजून सांगतो सगळ्यांना. आपली म्हातारी मेकॅनिक आहे म्हणून."

आणि मला का नाही सांगितलं, असं राजश्रीने विचारलं नाही. फोन बंद केला. तिचे हात कोपरापर्यंत त्या गाळाने बरबटले होते आणि नखांत पिवळं गेलं होतं. अजून दोनदा पेटी धुऊन काढायची होती. ती धुताना तिचं तोंड जे वाकडं झालं ते घरी पोचेपर्यंत सरळ झालं नाही.

सवयीने तिने एक गोळा नमुन्याच्या बाटलीत भरून आणला होता. तो तिने ओट्याच्या कडेला ठेवला आणि साबणाने हात घासू लागली. पिवळे डाग साबणाने लाल झाले. वेणूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. बाटली त्यांनी हात वर करून उचलली, उजेडात धरली.

"काय हे?"

"हीटरमधून निघालं. घाण."

वेणूबाईंनी झाकण उघडून वास घेतला. त्यांना काय ते लगेच कळलं.

"घाण न्हाय. घरची हळद हाय. मी सोता कुटलेली." त्यांनी झाकण परत लावलं. "गाडी उन्हात बंद पडली हुती. लोकं म्हनाली टाका, टाकली. त्यात काय बिगडलं?"

बिघडलं ते राजश्रीने सांगितलं. शांतपणे, क्रमाने, पाइप, पेटी, तेहेतीस अंश, सगळं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण वेणूबाई तिच्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हत्या, तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"तवा का न्हाय सांगितलं, हेच इचारतीस ना?" त्या म्हणाल्या. "तू बोलली असतीस तर सांगितलं असतं. तू बोलत न्हाईस. बघतेस. आत्ता बघतेस तशी. मानूस न्हाय, उकिरडा बघितल्यासारखी. लहानपनापासनं तुजं तसंच. सुगत्या चुकला तर मी त्याला फटका मारीन, त्यो रडल, संपलं. तुज्या त्या बघन्याला काय करायचं?"

राजश्री टॉवेल हातात घेऊन उभी राहिली.

वेणूबाईंनी लसणाची पाकळी सोलली, ती नीट ताटलीत ठेवली, आणि मग मान वर न करता म्हणाल्या, "संडासातून रगत जायचं त्ये बी म्हनूनच न्हाय सांगितलं. सात म्हयनं. म्हटलं, ही असंच तोंड करनार."

कुकरची शिट्टी झाली, पण गॅस बारीक करायला कोणीच हललं नाही. राजश्रीला काहीतरी सांगायचं होतं, पण जे जे मनात आलं ते तिच्याच कानांना कारखान्यातल्या अहवालासारखं वाटलं. तिची किळस तिने आजवर स्वच्छतेची आवड समजून सांभाळली होती. तिच्यामुळे कोणी सात महिने रक्त लपवेल, हे कुठल्याच काचनळीत दिसलं नसतं.

"गुरुवारी येशील?" शेवटी तिने तेवढंच विचारलं.

"गाडी गरम झाली का?"

"एकोणपन्नास अंश."

"मला काय त्यातलं कळतंय," वेणूबाई म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी औषध संपायला दुपारचे तीन वाजले. पाऊस होताच. राजश्रीने आधी जाऊन पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवली, खटका लालवर, पंखा पूर्ण, आणि मग आईला हातमोजे, मफलर घालून आणलं. आत भट्टी झाली होती. समोरची काच खालून वर साफ होत गेली, पाण्याच्या धारांपलीकडे रस्ता लख्ख दिसू लागला. राजश्रीचा कुर्ता पाठीला चिकटला, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. वेणूबाई दोन्ही हात जाळीसमोर धरून बसल्या होत्या. खारघरच्या चौकापर्यंत त्यांनी ते तिथून हलवले नाहीत.

पण तीन वेळा धुऊनही पेटीत थोडं काही राहिलं असावं. गरम हवेबरोबर वास येऊ लागला. आधी पुसट, मग दाट. करपलेल्या फोडणीसारखा, त्यात कुबट चादर, त्यात रबर. राजश्रीने पंखा कमी केला, तर काच कडांनी धुरकटू लागली. परत वाढवला. शेजारी वेणूबाईंनी पदर तोंडाशी नेला. औषधाने पोट आधीच ढवळलेलं होतं. बेलापूरच्या अलीकडे त्यांनी एक आवंढा गिळला, दुसरा गिळला, आणि राजश्रीकडे चोरून बघितलं. त्या बघण्यात भीती होती. ती उलटीची नव्हती.

राजश्रीने गाडी कडेला घेतली. दार उघडलं असतं तर गार वारा आत आला असता, म्हणून उघडलं नाही. पिशवी नव्हती. सगळ्याचा विचार केला होता, अंशांचा, काचेचा, मफलरचा; पिशवीचा केला नव्हता. वेणूबाईंनी पदरात धरायचा प्रयत्न केला, पण ते आलंच. राजश्रीने आपली ओढणी आणि दोन्ही तळवे पुढे केले. सकाळची पेज, औषधाची आंबूस घाण, सगळं तिच्या ओंजळीत, मनगटांवरून मांडीवर, गिअरच्या दांड्यावर. वास त्या बंद भट्टीत कोंडला. हीटर सुरूच होता.

वेणूबाईंचा एक जोर ओसरला. दुसरा आला, तोही गेला. त्यांनी सीटला डोकं टेकलं, डोळ्यांतलं पाणी मोज्याने पुसलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन, बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तसं.

राजश्री ओंजळ तशीच धरून होती. तिला ते कुठे ओतावं ते कळत नव्हतं.

"घसा?" तिने विचारलं.

वेणूबाईंनी गिळून बघितलं. "घसा बरा हाय."

"हात?"

त्यांनी मोजे काढले, बोटं उघडली, मिटली. "हात बी."

राजश्रीने ते ओढणीतच ओतून तिचं बोचकं केलं, पायाशी ठेवलं आणि पाण्याच्या बाटलीतलं कोमट पाणी आईच्या तोंडाशी धरलं. मागच्या सीटवरच्या टॉवेलने आईची हनुवटी पुसली, मग मान, मग लुगड्याची कड. स्वतःचे हात सगळ्यात शेवटी. बाहेर पाऊस तसाच होता. काच साफ होती. वेणूबाईंनी पाय जवळ घेतले, मफलर सारखा केला आणि समोर बघत म्हणाल्या,

"म्होरल्या बारीला पिशवी घे गाडीत. दोन घे."